बँकॉकमध्ये एकच दिवस आणि सोबत आई-बाबा: दिवस कसा आखावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरमध्ये फुकेतहून परतताना बँकॉकला दोन रात्री आहेत आणि मधला एक अख्खा दिवस हातात आहे. तुम्ही दोघं, आई-बाबा (वय ६६ आणि ७१) आणि १० वर्षांची मुलगी. सगळे शाकाहारी, बाबांचे गुडघे दुखतात, हॉटेल असोकजवळ, परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. यादीत ग्रँड पॅलेस हा राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण ही देवळं (थाई भाषेत वाट म्हणजे देऊळ), डम्नोन सदुआकचा तरंगता बाजार, सफारी वर्ल्ड हे प्राणी उद्यान, चाटुचाकचा बाजार, सोन्याचा बुद्ध, चायनाटाउन, महानाखोन या उंच इमारतीची गच्ची आणि रात्रीची क्रूझ. आणि विचारलंय ते हे, की यांचा क्रम कसा लावू?

मी बरीच वर्षं मराठी कुटुंबांचे गट घेऊन बँकॉकला जाते आणि त्यात साठी-सत्तरीतली मंडळी नेहमीच असतात. त्या अनुभवावरून सांगते, ही यादी कुठल्याही क्रमाने मांडली तरी एका दिवसात मावणार नाही. तुमचा दिवस तीन गोष्टी ठरवतील: ऊन, रहदारी आणि बाबांचे गुडघे. या तिघांना सांभाळणारा दिवस आखा, मग कुठे जायचं ते आपोआप ठरत जातं. माझा नियम साधा आहे. सकाळी आणि संध्याकाळी नदीकाठ, दुपारी छपराखाली, आणि मोटारीने शहर ओलांडायचं नाही. यात बसेल ते मनसोक्त बघायचं, न बसेल ते सोडायचं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. डिसेंबर निवडलात हे फार चांगलं केलंत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथली हवा त्यातल्या त्यात सुसह्य असते आणि पाऊस क्वचित येतो. हाच प्रश्न तुम्ही एप्रिलसाठी विचारला असता तर मी सकाळी एकच ठिकाण ठेवलं असतं. तुमचा दिवस कोणत्या वारी येतो हेही बघा. राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी-मंगळवारी बंद असतं, चायनाटाउनमधल्या बऱ्याच खाण्याच्या गाड्या सोमवारी लागत नाहीत, आणि चाटुचाक पूर्ण भरतो तो शनिवार-रविवारीच. ५ आणि १० डिसेंबरला थायलंडमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी गर्दी जास्त धरा. राजघराण्याचा समारंभ असेल तर राजवाड्याचा काही भाग, कधी पूर्ण राजवाडाच, पर्यटकांसाठी बंद ठेवतात. म्हणून आदल्या रात्री राजवाड्याचं अधिकृत संकेतस्थळ बघूनच झोपा. आणि बाबांना आधीच मोकळेपणाने विचारा, किती पायऱ्या चढवतील आणि हलत्या बोटीत पाय टाकायला जमेल का. वडीलधारी माणसं आपल्यामुळे खोळंबा नको म्हणून "जमेल, जमेल" म्हणतात आणि दुपारी बसकण मारतात. तसं होऊ देऊ नका.

आता काट मारण्याचं काम. डम्नोन सदुआक बँकॉकमध्ये नाहीच, ते राचबुरी प्रांतात आहे, शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर. पहाटे निघून परतेपर्यंत दुपार होते आणि राजवाडा हातचा जातो. सफारी वर्ल्ड शहराच्या ईशान्य टोकाला आहे, त्याला स्वतंत्र दिवस लागतो. चाटुचाक म्हणजे पत्र्याखालच्या अरुंद गल्ल्यांतली हजारो दुकानं. तरुण मंडळींना मजा, पण गुडघे दुखणाऱ्याला तिथे धड बसायला जागा मिळत नाही. महानाखोनची गच्ची छान आहे, पण उंचावरून शहर बघण्याआधी ते खालून बघितलेलं असावं असं माझं मत आहे. सोन्याचा बुद्ध सोडताना मात्र मलाही वाईट वाटतं. वाट त्रायमितमधली ती साडेपाच टनांची मूर्ती गिलाव्याखाली झाकलेली होती आणि १९५५ साली हलवताना गिलावा फुटला तेव्हा आतलं सोनं दिसलं. पण ते मंदिर संध्याकाळी पाचला बंद होतं आणि आपण त्या भागात पोहोचू तेव्हा रात्र झालेली असेल. क्रूझबद्दल पुढे सांगते.

उरलं ते नदीकाठचं. ते एका जागी का आहे हे कळलं की आखणी सोपी होते. १७६७ साली ब्रह्मदेशाच्या फौजांनी अयुत्थया ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केली. ताक्सिन राजाने चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर, थोनबुरीला, बस्तान बसवलं. मग १७८२ मध्ये चक्री घराण्याचा पहिला राजा गादीवर आला आणि त्याने राजधानी समोरच्या पूर्व काठावर नेली. नदीच्या वळणाला कालवे जोडून त्या भागाचं बेट केलं आणि त्यावर राजवाडा बांधला. म्हणून ग्रँड पॅलेस आणि वाट फो एकमेकांना लागून आहेत आणि वाट अरुण बरोबर समोरच्या काठावर. शहरातल्या तीन सर्वांत मोठ्या गोष्टी अशा चालण्याच्या आणि एका तरीच्या (नदी ओलांडणाऱ्या नावेच्या) अंतरात आहेत. तुमचं हॉटेल ज्या सुखुमवितला आहे तो भाग पुष्कळ नंतर वाढला, तो पूर्वेला लांब पसरलाय, आणि जुन्या शहरातून तिकडे संध्याकाळी टॅक्सीने जायचं तर तास-सव्वा तास सहज रस्त्यात जातो. म्हणून रेल्वे आणि बोट.

सकाळी सातला हॉटेल सोडा. नाश्ता लवकर मिळतो का हे आदल्या दिवशी विचारून ठेवा, नाहीतर केळी आणि घरून आणलेला खाकरा-चिवडा बरोबर असू द्या. असोकहून स्कायट्रेनने सियाम, तिथे गाडी बदलून सफान ताक्सिन. स्टेशनाला लागूनच साथोनचा धक्का आहे. इथे पर्यटकांच्या बोटीची महाग तिकिटं पुढे करणारे भेटतील. तुम्हाला हवी ती नारिंगी झेंड्याची बोट, कामावर जाणाऱ्या लोकांची. तिकीट १६ बाट (बाट हे थाई चलन), मग कितीही लांब जा. उजवीकडे-डावीकडे देवळं, गोदामं, उंच हॉटेलं मागे टाकत ती वर सरकते आणि था चांगच्या धक्क्यावर तुम्हाला उतरवते. तिथून राजवाड्याचं दार पाचेक मिनिटांवर. सकाळची ही नदी मला इतकी आवडते की कुठल्याही गटाची सुरुवात मी शक्यतो इथूनच करते.

मात्र ही बोट धक्क्याला क्षणभरच टेकते. शिट्टी वाजली की पटकन पाय टाकावा लागतो. बाबांना ते अवघड वाटत असेल तर हट्ट करू नका. सुखुमवित स्टेशनवरून निळ्या मार्गाची भुयारी मेट्रो थेट सनाम चायला जाते, गाडी बदलावी लागत नाही. २०१९ साली सुरू झालेलं हे स्टेशन दरबारी दालनासारखं सजवलंय, ते बघूनच आई खूश होतील. तिथून राजवाड्याचं प्रवेशद्वार मात्र उत्तरेच्या बाजूला आहे, भिंतीच्या कडेने बरंच चालावं लागतं; ज्येष्ठांसाठी तेवढ्यापुरती ॲपवरून गाडी मागवा. मेट्रोच्या दारावर टॅप करायचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट चालतं.

राजवाड्याच्या आसपास एखादा नीटनेटका माणूस गोड हसून सांगेल, "आज राजवाडा बंद आहे" किंवा "दुपारी उघडेल, आज बौद्ध सण आहे". मग तो तुम्हाला स्वस्तात टुकटुकने दुसरी देवळं दाखवायला नेतो आणि फेरी संपते ती रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात. ही फसवणूक फार जुनी आहे आणि आजही चालते. कोणाशी वाद घालू नका, मान हलवा आणि सरळ दारापर्यंत चालत जा. राजवाडा उघडा आहे की बंद हे फक्त तिथले गणवेशातले कर्मचारी सांगतील.

दार साडेआठला उघडतं. सव्वाआठला रांगेत असाल तर मोठ्या बसगाड्यांच्या आधी आत जाल. तिकीट ५०० बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, सलवार-कमीज, बाबांची सैल पँट, सगळं चालतं. बिनबाह्यांचा झगा, आखूड चड्डी, घट्ट लेगिंग नको. मुलीला सैल सुती पँट घाला, उन्हातही तीच बरी.

आता राजवाडा बघायचा कसा, यावर थोडं थांबते, कारण बहुतेक लोक इथेच दमतात. आवारात सावली कमी आहे, सोनेरी कळस आणि काचकाम ऊन परतवतात आणि लोक त्या उन्हात फोटो काढत तास घालवतात. तुम्ही आधी थेट पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात जा. मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटर उंचीची, हिरव्या दगडाची आणि खूप उंचावर ठेवलेली. वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की, तिची सोन्याची वस्त्रं बदलतात आणि हा मान राजाचा असतो. ज्यांनी पंढरपुरात किंवा कोल्हापुरात देवाचे पोशाख आणि उपचार पाहिलेत त्यांना यातला भाव समजावून सांगावा लागत नाही. आत जमिनीवर बसायचं, पाय मागे दुमडून, तळवे मूर्तीकडे करायचे नाहीत. बाबांना खाली बसणं जमत नसेल तर मागच्या बाजूला शांत उभं राहून दर्शन घ्यावं. आत फोटो काढायचे नाहीत.

तिथून बाहेर आलात की आवाराला वेढणाऱ्या ओवरीत शिरा. वर छप्पर आहे, सावली आहे, आणि भिंतीवर सलग १७८ चित्रांत रामायण रंगवलंय. थाई रामायणाला ते रामाकियन म्हणतात. माझ्या गटांतले आजी-आजोबा सगळ्यात जास्त रमतात ते इथे, कारण परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच गाईडपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. नातीला गोष्ट सांगायचं काम आजीकडे सोपवा. पांढरा दिसतो तो हनुमान. हिरव्या तोंडाचा थोत्सकान म्हणजे रावण. मग एक प्रसंग शोधा: हनुमान प्रचंड मोठा झालाय आणि रामाचा मंडप त्याने तोंडात धरलाय. आपल्याकडच्या अहिरावण-महिरावणाच्या गोष्टीचं हे तिथलं रूप. मैयराप नावाचा राक्षस रामाला पाताळात पळवणार असतो, म्हणून हा पहारा. ज्यांनी कीर्तनात ही गोष्ट ऐकली आहे ते या चित्रापुढे थबकतातच.

फरकही आहेत आणि ते मुलीला आवर्जून दाखवण्यासारखे आहेत. रामाकियनमधला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना दगड पळवणारी सुवन्नमच्छा ही मत्स्यकन्या थोत्सकानची मुलगी. हनुमानाचं तिच्याशी जुळतं आणि त्यांना मुलगाही होतो. सीता तर थोत्सकानचीच मुलगी, जन्मताच टाकून दिलेली. काही आजोबांना हे आधी रुचत नाही. मी त्यांना एवढंच सांगते की ही कथा इथल्या लोकांनी कित्येक शतकं आपली म्हणून सांभाळली आहे आणि इथल्या राजांनी स्वतः राम हे नाव धारण केलं आहे. मग तेच पुढच्या चित्राकडे ओढ घेतात. सगळी १७८ चित्रं बघू नका. वीस-पंचवीस चित्रं निवांत बघा, मध्ये पाणी प्या. दारांवर उभे असलेले उंच राक्षस जोड्याजोड्यांनी मोजायला मुलीला सांगा, सहा जोड्या सापडतील. कंबोडियातल्या अंकोर वाट मंदिराची प्रतिकृतीही याच आवारात आहे. एकूण दोन तास पुष्कळ झाले. पुढचे महाल बाहेरून बघा आणि निघा.

साडेदहा-पावणेअकराला दक्षिणेकडे वाट फो. तिकीट ३०० बाट. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. मूर्ती कुठूनही पूर्ण दिसत नाही, खांबांच्या फटींतून तुकड्या-तुकड्याने समोर येते. तळव्यांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ शुभचिन्हं आहेत. पाठीमागच्या बाजूला ओळीने १०८ कांस्य भांडी ठेवलेली असतात. सुट्ट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि प्रत्येक भांड्यात एक नाणं टाकत पुढे जायचं. हे काम मुलीला द्या, तो नाद तिच्या लक्षात राहील. बरेच गट मूर्ती बघून पळतात. तुम्ही मागच्या अंगणांत जा. तिथे शांतता आहे, झाडं आहेत आणि ऋषींचे छोटे पुतळे आहेत, अंग वळवून, पाय मुडपून व्यायाम करणारे. योगासनं रोज करणाऱ्या माणसाला त्यातली ठेवण ओळखीची वाटेल.

वाट फो हे थाई मसाजचं मोठं विद्यापीठ मानलं जातं आणि आवारातच मसाजची दालनं आहेत. बाबांचे गुडघे असे असताना मी इथे अर्ध्या तासाचा पायांचा मसाज सुचवेन. दर फलकावर लिहिलेले असतात. दुखऱ्या जागेवर बोट ठेवून आधीच सांगा आणि हलक्या हाताने करायला सांगा. मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर तेही सांगा. आई-बाबा तिथे बसतील तेवढ्यात तुम्ही आणि मुलगी पहिल्या चार राजांच्या नावाने उभे असलेले मोठे स्तूप बघून या.

आता जेवण. शाकाहारी माणसाची खरी पंचाईत इथे मांसाची नसते, माशाच्या सॉसची असते. "भाज्या घातलेलं" म्हणून दिलेल्या पदार्थातही नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, नाहीतर सुक्या कोळंबीची चटणी असू शकते आणि देणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. म्हणून "व्हेज" हा शब्द वापरू नका. "जे" म्हणा. हा चिनी बौद्ध परंपरेतला आहार आहे. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या किंवा जैन मंडळींनाही तो बराच जवळचा पडतो. फक्त मुळा-अरवीसारखी कंदमुळं असतात तेवढं विचारून घ्या. अशा दुकानावर पिवळी पताका असते आणि त्यावर लाल अक्षर, लांबून इंग्रजी १७ सारखं दिसतं. "किन जे" म्हटलं की तुम्ही काय खाता ते कळतं. "मांगसविरात" म्हटलंत तर अंडं येऊ शकतं.

तरीही ज्येष्ठांसोबत मी दुपारचं जेवण भारतीयच ठेवते. अर्धा दिवस चालल्यावर वरण-भात, पोळी मिळाली की चेहरे बदलतात. वाट फोहून जवळ फाहुरात हा भाग आहे, बँकॉकमधली भारतीय वस्ती. कापडाची दुकानं, मिठाई, पंजाबी आणि गुजराती खानावळी आणि मधोमध सोनेरी घुमटाचा मोठा गुरुद्वारा. टॅक्सीने किंवा टुकटुकने दहा-पंधरा मिनिटं लागतात. टुकटुकमध्ये बसण्याआधी भाडं ठरवा. खायचं थाई काही राहून गेलं असं वाटू नये म्हणून रस्त्यावर खनोम क्रोक दिसले तर घ्या. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध ओतून बिडाच्या खळग्यांत भाजतात, अगदी आपल्या आप्पेपात्रासारखं. मुलांना फार आवडतात.

दीड ते चार काय करायचं यावर लोकांशी माझे मतभेद होतात. तरुणांना वाटतं, इतक्या लांब येऊन झोपायचं का? माझं म्हणणं, हो, झोपायचं. फाहुरातजवळच्या साम योत स्टेशनवरून तीच निळी मेट्रो तुम्हाला सुखुमवितला परत नेते, गारेगार आणि रहदारीशिवाय. दीड-दोन तास पाठ टेका, अंघोळ करा, कपडे बदला. जे हे करत नाहीत त्यांची संध्याकाळ चिडचिडीत जाते, आणि बँकॉकचा सगळ्यात सुंदर भाग संध्याकाळचाच आहे.

तुम्हा दोघांपैकी एकाला अजिबात चैन पडत नसेल तर बुधवार ते रविवार उघडं असणारं राष्ट्रीय संग्रहालय आहे, राजवाड्याच्या उत्तरेला. मी तिथे लोकांना एका गणपतीसाठी पाठवते. पूर्व जावातल्या सिंगोसारी मंदिरातली ही दगडी मूर्ती १८९६ साली थायलंडचा चुलालोंगकोर्न राजा जावाला गेला तेव्हा तिथल्या डच सरकारने त्याला भेट दिली. गणपती बसलाय तो कवट्यांच्या आसनावर. आपल्या डोळ्यांना इतकं अनोळखी रूप आणि तरी पहिल्या नजरेत ओळखू येणारी सोंड, असा गणपती बघायला मराठी माणसाने दुपारची झोप सोडली तर मी त्याला अडवणार नाही. त्याच संग्रहालयात राजघराण्याच्या अंत्ययात्रेचे अवाढव्य लाकडी रथही आहेत.

चारला मेट्रोने पुन्हा सनाम चाय. पाच-सात मिनिटं चालून था तियनचा धक्का, तिथून काही बाटांत पलीकडे नेणारी तर. ही बोट संथ असते, बाबांना इथे अडचण यायची नाही. वाट अरुणचं तिकीट २०० बाट. मुख्य शिखर चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांनी मढवलंय, जवळ जाऊन बघा, फुलं आणि पाकळ्या त्या तुकड्यांचीच आहेत. वर कोनाड्यात हत्तीवर बसलेला इंद्र दिसेल. पायऱ्या अगदी उभ्या आहेत आणि उतरणं चढण्यापेक्षा कठीण, म्हणून आई-बाबांनी खाली नदीकाठच्या बागेत बसावं. जुन्या प्रार्थनागृहाच्या दारावर दोन भलेमोठे राक्षस उभे आहेत. त्यातला हिरवा कोण हे मुलीला विचारा, सकाळी नीट बघितलं असेल तर ती लगेच सांगेल. इथे थाई पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढायची पद्धत आहे; मुलीचा हट्ट असेल तर पुरवा, मात्र त्यात अर्धा तास जातो हे धरून चला.

साडेपाचच्या आत पूर्व काठावर परत या. वाट अरुणच्या नावात पहाट असली तरी मी ते संध्याकाळी समोरच्या काठावरून बघायला सांगते, कारण सूर्य त्याच्या मागे मावळतो. डिसेंबरात सहाच्या थोडं आधीच मावळतो. था तियनजवळ नदीला लागून छोटी सार्वजनिक बाग आहे. गच्चीवरच्या महाग कॅफेत जागा मिळवण्यापेक्षा तिथे बसा. सहाच्या ठोक्याला राष्ट्रगीत सुरू झालं की सगळे जागच्या जागी उभे राहतात, तुम्हीही उभे राहा. अंधार पडला की शिखरावर दिवे लागतात.

आता क्रूझ. शाकाहारी कुटुंबाला मी ती सांगत नाही. पैशांचा मोठा भाग समुद्री खाण्याच्या बुफेचा असतो, गाणी मोठ्याने वाजतात, आणि नदी तर सकाळी १६ बाटांत बघून झालेली असते. तो वेळ पाक ख्लोंग तलातला द्या. शहराचा हा मोठा फुलबाजार सनाम चाय स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, चोवीस तास चालू असतो आणि रात्री खरा फुलतो. झेंडूच्या राशी, कमळाच्या मिटलेल्या कळ्या, मोगऱ्याच्या कळ्या ओवून केलेले नाजूक गजरे. दादरच्या फुलबाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी जाणाऱ्या बायका इथे तासभर हलत नाहीत. बायका बसून कमळाच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडतात, तो हात बघत राहावा. आईंना इथे हमखास आवडेल.

अंगात जीव उरला असेल तर दोन स्टेशनं पुढे वाट मांगकोन, म्हणजे चायनाटाउनचा यावरात रस्ता. पाट्यांचा झगमगाट आणि गर्दी बघायला अर्धा तास पुरे. शाकाहारी माणसाला भाजलेले गोड पाव, डाळिंबाचा रस, चेस्टनट, आल्याच्या पाकातले काळ्या तिळाचे गोळे एवढं मिळतं, पोटभर जेवण मात्र मिळेलच असं नाही. म्हणून रात्रीचं जेवण हॉटेलजवळ, सुखुमवितला, तिथे भारतीय आणि थाई शाकाहारी दोन्ही मिळतं. आई-बाबा दमले असतील तर यावरात सरळ गाळा.

वेळा एकदा सलग सांगते: सातला निघणं, साडेआठला राजवाडा, पावणेअकराला वाट फो, साडेबाराला फाहुरात, दीडपासून विश्रांती, चारला पुन्हा निघून साडेचार-पावणेपाचला वाट अरुण, साडेपाचला पूर्व काठ, सातला फुलबाजार, साडेआठ-नऊला हॉटेल. तिकिटांचा खर्च माणशी १००० बाट, पाच जणांचा ५०००. १२० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना राजवाडा आणि वाट फो मोफत आहे, पण तुमची मुलगी त्यात बसणार नाही असं वाटतं. दर अधूनमधून वाढतात, थोडे पैसे वरचे धरा. बोटी, नदीपारची तर आणि रस्त्यावरच्या खाण्यासाठी सुट्टे बाट लागतात, आणि जमिनीवर पडलेल्या नोटेवर किंवा नाण्यावर पाय देऊन अडवू नका, त्यावर राजाचं चित्र असतं.

दोन बारीक गोष्टी. देवळात बूट काढावे लागतात आणि दुपारची फरशी तापलेली असते, म्हणून सगळ्यांना पातळ मोजे घाला. आणि काढता-घालता येतील असे बूट बाबांना द्या, नाडीचे नकोत. दिवसात सात-आठ वेळा वाकावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णभूमी विमानतळावरून निघत असाल तर सामान आणि ज्येष्ठ दोन्ही असल्यामुळे टॅक्सीच करा, रेल्वे नको. विमानाच्या वेळेआधी तीन तास पोहोचाल असं बघा. पासपोर्टची तपासणी झाल्यावर आत समुद्रमंथनाचं भव्य शिल्प आहे, एका बाजूला देव, एका बाजूला दानव आणि वर विष्णू. त्यासाठी दहा मिनिटं हाताशी ठेवा.